डॅम्पर हा इलाज नव्हे

सस्पेन्शन उंचावल्यावर जिम्नीचे स्टिअरिंग भरकटते, तेव्हा अलाइनमेंट करून जाड स्टिअरिंग डॅम्पर बसवा, असा सल्ला आपल्या गेल्या अंकातील लेखात आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

एक, जिम्नीचा पुढचा अॅक्सल अखंड आहे. अलाइनमेंटच्या मशीनवर त्याचा फक्त टो जुळवता येतो, कॅस्टर नाही. आणि बिघडतो तो कॅस्टरच. गाडी 50 मिमी उचलली की अॅक्सलचे लांब आर्म खाली झुकतात, अॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर घटतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. इलाज म्हणजे आर्मसाठी ऑफसेट बुश किंवा कॅस्टर सुधारलेले आर्म. पण अतिरेक नको. पिनियनचे तोंड खाली गेले की प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो.

दोन, उंची वाढताच पॅनहार्ड रॉड अॅक्सलला एका बाजूला ओढतो. तिथे लांबी बदलता येणारा रॉड हवा. स्टिअरिंग तिरके राहिले, तर ड्रॅग लिंकची लांबी जुळवावी.

तीन, डॅम्पर स्टिअरिंगची थरथर दाबतो, कारण दूर करत नाही. कारण शोधायला एकाने उभ्या गाडीचे स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने पॅनहार्डच्या बुशवर बोट ठेवावे. फाटलेले रबर लगेच हाताला कळते.

चाकांचे बॅलन्सिंग हवेच, एवढे मान्य. पण लेखातला सल्ला मानून महामार्गावर निघणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

— एक गॅरेजचालक, कोल्हापूर