एक्झॉस्ट एका दुपारी उरकू नका

अमेरिकेत स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. इंजिन एकदा चढलं की उडायची ओढ लागते आणि एक्झॉस्ट घाईघाईत बसवला जातो. कृपा करून तसं करू नका.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. मागच्या पाइपांचा आधार मी फायरवॉलला बांधला. हलवून पाहिला, भक्कम वाटला. पन्नासेक तासांच्या उड्डाणानंतर काउलिंग काढलं, तर वेल्डिंगच्या कडेला नखाएवढा तडा आणि त्याच्याभोवती राखाडी डाग! इंजिन रबरी गाद्यांवर बसलेलं असतं. सुरू होताना, बंद होताना चांगलंच हिंदकळतं. पाइप इंजिनाबरोबर हलू पाहत होता आणि मी त्याला विमानाच्या अंगाशी जखडला होता. आधार इंजिनालाच द्या. चेंडूसारख्या सांध्यांवरच्या स्प्रिंगा पूर्ण दाबून टाकू नका, सांधा हलता राहू द्या. आतला वायू सातशे-आठशे अंश सेल्सियसपर्यंत तापतो. पाइप वाढणार, त्याला जागा हवी.

एवढ्याशा तड्याचं काय, असं म्हणू नका. बऱ्याच विमानांत केबिनचा हीटर एक्झॉस्टभोवती गुंडाळलेल्या पत्र्याच्या खोळीतूनच गरम हवा घेतो. त्या खोळीच्या आत तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या नाकाशी. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. 21 जानेवारी 2019 ला फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन जाणारं पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. त्यांच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेलं निघालं. ते विमान तर कारखान्यात बनलेलं होतं.

पाइपवर खुणा करायला शिसपेन्सिल वापरू नका. तापल्यावर तिच्यातला कार्बन पोलादात शिरतो आणि पुढे नेमका त्याच रेषेवर पाइप तडकतो. खडू घ्या. इंधनाच्या नळ्या आणि वायरी पाइपपासून लांब ठेवा. जागा नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्या. इंजिन पहिल्यांदा तापून गार झालं की सिलिंडरकडचे नट पुन्हा तपासा, ते सैल झालेले सापडतात.

गळती शोधायला महागडं काही लागत नाही. व्हॅक्युम क्लीनरची हवा फेकणारी बाजू एक्झॉस्टच्या तोंडाला लावा, बाकीची तोंडं बंद करा आणि सांध्यांवर, वेल्डिंगवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे कुठे येतात ते बॅटरी धरून बघा. खोळ काढून तिच्या आतही बघा. तिथेच बघायचा कंटाळा केला जातो.

आणि पॅनेलवर आवाज करणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवा. पहिल्या उड्डाणाच्या आधी.