रॅपवाल्याचा झीलकरी

शाहिराचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात राहते. झीलकऱ्यांचे राहत नाही. शाहिराच्या पाठीशी उभे राहून ओळीचे शेपूट पकडायचे आणि 'जी जी रं जी' करीत ते वर न्यायचे, हे त्यांचे काम. ऐकणाऱ्याला वाटते, हे सूर भरताहेत. वास्तविक तेवढ्या अवधीत शाहीर दम खात असतो.

याची आठवण मला यंदाच्या पावसाळ्यात झाली ती अंधेरीत, एका रॅपगायकाच्या जलशात. वाचकांनी दचकू नये. गायक माझा जुना विद्यार्थी आहे. त्याचे रंगमंचावरचे नाव येथे देत नाही. ते त्याच्या आईलाही उच्चारता येत नाही. कोणत्याही कंपनीचा हात त्याच्या डोक्यावर नाही. गाणी स्वतः लिहायची, मित्राच्या खोलीत ध्वनिमुद्रित करायची, इंटरनेटवर सोडायची. तेथे ऐकणारे पुष्कळ. पैसा मात्र थेंबाथेंबाने येतो. पोट भरायचे ते अशा जलशांवर.

रॅपचा उगम सांगतात तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीने योजलेल्या पार्टीत कूल हर्कने तबकड्या वाजवल्या. मान तबकड्या फिरवणाऱ्याचा; कोक ला रॉक हा त्याचा मित्र माइकवरून नाचणाऱ्यांना नुसता चेव आणीत होता. म्हणजे रॅप जन्मला तोच झीलकऱ्याच्या पोटी! पुढे हा बोलणाराच मुख्य झाला आणि त्याला स्वतःला झीलकऱ्याची गरज पडू लागली.

माझ्या विद्यार्थ्याचा जोडीदार त्या रात्री आलाच नव्हता. ध्वनिमुद्रणात ओळी तुकड्यातुकड्यांनी जोडता येतात; रंगमंचावर छाती एकच. अशा वेळी पुष्कळ गायक मुद्रित आवाज खालून वाजू देतात आणि त्यावर गातात. याने ती सोय घेतली नाही. पहिली दोन गाणी समोरच्या दोनशे पोरांनी निभावून नेली. वाद्ये एकदम थांबत, हा माइक पुढे करी, आणि यमकाचा शब्द सभागृह पुरा करी.

तिसरे गाणे नवे. ते कोणालाच येत नव्हते. चौथ्या ओळीला याचा दम तुटला. त्याने हात वर करून वाद्ये बंद करवली, पाणी प्याला, आणि तेच गाणे नुसत्या बोलण्याच्या लयीत पहिल्यापासून म्हटले. आई माण तालुक्यातली; गाणे तिच्या पाण्याच्या खेपांचे. त्यात 'हीर' आणि 'भाईर' अशी जोडी आली. आता हेच प्रमाण मराठीत 'विहीर' आणि 'बाहेर' असे लिहा, यमक गेले! मराठी शिकवणाऱ्याने या जागी पेन खिशात ठेवावे. पोरे इतकी गप्प होती की दारावरच्या पहारेकऱ्याचा खोकला ऐकू आला.

जलसा संपल्यावर तो स्वतःच टी-शर्ट विकायला बसला होता. आवाज पार बसलेला.

"अरे, तुझा जोडीदार कुठे?" मी विचारले.

"रात्रपाळीला लागला, सर. ठरलेला पगार आहे. मी कुठून देणार तेवढा?"

सभागृहाचे भाडे आणि ध्वनियंत्रणेचे पैसे चुकते करून उरलेल्या नोटा त्याने दोन पाकिटांत घातल्या. दुसऱ्यावर जोडीदाराचे नाव लिहिले. नव्या गाण्याची शेवटची दोन कडवी त्याची होती.