अप्परवाल्यांस

गेल्या मे महिन्यात संगमेश्वराहून एका मुंजीचं जेवण आटपून रात्री रत्नागिरीला परत येत होतो. शेजारी अण्णा, मागे आई आणि आत्या, डिकीत आत्याने बळेच दिलेली तांदळाची दोन पोती. मुंबई-गोवा महामार्गाचं हे आमच्याकडचं अंग कसं आहे ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चौपदरीकरण २०११ साली पनवेलकडून सुरू झालं आणि आरवली-कांटे, कांटे-वाकेड हे आमचे टप्पे सगळ्यात जास्त रेंगाळले. तर बावनदी सोडून निवळीकडे येताना एका ठिकाणी एक बाजू बंद होती आणि दोन्हीकडची वाहनं एकाच पट्टीवर. समोरून एक गाडी आली. पांढरेफटक दिवे, दोन्ही अप्परवर. मी डिपर मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मारला तेव्हा समोर नुसता पांढरा पडदा होता.

अण्णा ओरडले, "अरे डावीकडे!"

ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बॉनेटपासून हातभर अंतरावर एक म्हातारा गृहस्थ सायकल हातात धरून उभा होता. सायकलला मागे रिफ्लेक्टर नाही, अंगात मळकट सदरा. त्याने आमच्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, आणि सायकल ढकलत पुढे निघाला. मी मात्र त्या गेलेल्या गाडीवाल्याला हातखंबा येईपर्यंत शिव्या घातल्या. आई मागे बसलेली असताना घालू नयेत अशा घातल्या.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी अण्णा चहा पिताना म्हणाले, "तुझ्याही गाडीचा उजवा दिवा जरा वर मारतो असं मला वाटतं." मी आधी उडवून लावलं. मी कधी अप्पर लावत नाही याचा मला केवढा अभिमान! पण संध्याकाळी गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीसमोर १० मीटरवर गाडी लावली, दिव्यांच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि लो बीम लावला. नीट बसवलेल्या दिव्याचा उजेड-अंधाराची कड या रेघेच्या खाली साधारण १० सेंटीमीटर पडायला हवी. डावा ठीक होता. उजवा रेघेच्या चार बोटं वर. मागच्या वर्षी पुढचा बंपर ठोकून घेतला होता, तेव्हा गॅरेजवाल्याने दिवा काढून परत बसवला आणि कुणी पाहिलंच नाही. मी तर नाहीच नाही. आणि ही मोजणी रिकाम्या गाडीची. आदल्या रात्री डिकीत तांदूळ होता, म्हणजे गाडीचं नाक आणखी वर. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं ते छोटं चाक असतं ना, ते मागे वजन असलं की दिवे खाली घेण्यासाठी असतं. सहा वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता.

जरा हिशेब करा. १० मीटरवर सात सेंटीमीटर वर म्हणजे ५० मीटरवर पस्तीस. दिवा जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर धरला तर ५० मीटरवर तो उजेड १०५ सेंटीमीटरवर पोहोचतो. छोट्या गाडीच्या ड्रायव्हरचे डोळे साधारण त्याच्याच आसपास असतात. म्हणजे मीही त्या रात्री अर्धा अप्परवालाच होतो. समोरच्याने मला शिव्या घातल्या असतील तर त्याही रास्तच.

तरीही मी गप्प बसणार नाहीये. कारण माझी चूक स्क्रूची होती, दहा मिनिटांत सुटली. बाकीच्यांची आवडीची आहे.

आमचा मामेभाऊ (नाव घेत नाही, त्याला कळेल) गेल्या दिवाळीत मोठ्या कौतुकाने दाखवत होता. कंपनीचे हॅलोजन बल्ब काढून बाजारातले एलईडी घातले. "दादा, दिवसासारखं दिसतं!" दिसत असेल रे बाबा. पण त्या दिव्याची परात बनवलीय हॅलोजनसाठी. एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची, आणि डिपरच्या तारेखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून परातीवरून उलटून तो वर जात नाही. उजेड नेमका कुठून निघतो त्यावर सगळा खेळ आहे, मिलिमीटरचा हिशेब. तिथे तू दुसऱ्याच आकाराची चकती घातलीस की कडच राहत नाही, उजेड चोहीकडे फाकतो. आणि गंमत म्हणजे जवळचा रस्ता असा काही लखलखतो की लांबचं उलट कमी दिसतं. पूर्वी लोक ९०/१०० वॉटचे बल्ब घालायचे, मूळचा असतो ६०/५५ चा. तो मूर्खपणाच होता, पण निदान तार जागेवर असायची.

माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, पूर्वी गाड्यांच्या हेडलाईटच्या काचेवर मधोमध काळा ठिपका असायचा. एसटी असो, ट्रक असो, नाहीतर कुणाची पद्मिनी. आम्हाला लहानपणी ती दृष्टीची तीट वाटायची. :) उपाय तसा गावठीच. पण त्या ठिपक्यात एक कबुली होती: माझ्या दिव्याचा त्रास समोरच्याला होतो. आता ठिपका गेला आणि कबुलीही गेली. ट्रकच्या मागे 'रात्री डिपर वापरा' अशा अर्थाची पाटी अजून दिसते. 'हॉर्न ओके प्लीज'वर आपल्या सरकारने २०१५ साली बंदी घातली, डिपरवर कुणी बंदी घातली नाही, तरी तोच बंद पडला!

"अप्पर लावला नाही तर दिसत नाही" हे सगळ्यांचं आवडतं उत्तर. मान्य. आमच्या रस्त्यांवर पट्टे पुसलेले, कडेला साईडपट्टी नाही, गुरं बसलेली, पावसात तर डांबर उजेड गिळून टाकतं. रिकाम्या रस्त्यावर खुशाल लावा, त्यासाठीच दिलाय. पण समोरून कुणी येत असताना? ज्याला तुम्ही आंधळा केलात त्याच्या हातात स्टिअरिंग आहे आणि तो तुमच्याच दिशेने येतोय. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळा सावरायला तीनच सेकंद लागले असं धरा, तो ५० मीटर न बघता येणार. हे तुम्हाला चालतं?

"समोरचा करत नाही, मग मी का करू?" याला मी उत्तर देत नाही. दोन आंधळे समोरासमोर आणून कुणाचा काय फायदा होतो ते ज्याने त्याने बघावं.

आणि डोळे सगळ्यांचे सारखे नसतात हो. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण तिसरा हिस्सा उजेड पोहोचतो. शिवाय भिंग गढूळ झालेलं असेल तर समोरचा झोत आत पसरतो आणि सगळं दुधाळ होतं. अण्णांनी तीन वर्षांपूर्वी रात्री गाडी चालवणं सोडलं. मोतीबिंदू काढून घेतला तरी सोडलं. त्यामुळे लांज्याची भजनं सुटली. जेवून गप्पा मारायला पालीला मित्राकडे जायचे, तेही सुटलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. "आता कुठे जायचंय मला" म्हणतात. मला ते वाक्य ऐकवत नाही.

कायदा? आहे की! केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०६. दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याचे डोळे दिपता कामा नयेत, असं जवळजवळ भूमितीच्या प्रमेयासारखं लिहून ठेवलंय. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण तपासणार कोण? पीयूसीवाला धूर बघतो, दिवा नाही. ट्रक-टेम्पोला फिटनेस लागतं, पण खाजगी गाडी एकदा नोंदली की १५ वर्षं तिच्या दिव्याकडे सरकारातलं कुणी ढुंकून बघत नाही. इंग्लंडात तीन वर्षांवरच्या गाडीचे दिवे दरवर्षी तपासतात. जर्मनीत दर ऑक्टोबरात गॅरेजवाले फुकट तपासून देतात, १९५६ पासून. आपल्याकडे पीयूसीच्याच टपरीत एक भिंत रंगवून रेघ मारायला किती खर्च येईल? चुना आणि खडू.

दुचाकीवाल्यांचं वेगळंच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा सतत चालूच असतो, पण अप्पर-डिपरचं बटण काही काढलेलं नाही. साळवी स्टॉप ते मारुती मंदिर, सगळा रस्ता दिव्यांनी उजळलेला, तिथे अप्पर लावून कोणतं अस्वल शोधतात देव जाणे. परवा एका कॉलेजच्या मुलीला सिग्नलला सांगितलं, तर म्हणाली, "काका, तो निळा दिवा कसला असतो ते मला माहीतच नव्हतं." लगेच बंद केला. तिच्यावर राग नाही धरता येत. शिकवलंच नाही कुणी.

मामेभावाला मात्र माहीत आहे. फोनवर त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "दादा, तू फार विचार करतोस. घाटात तुला कळेल." घाटातच तर कळतं रे! कशेडीत बोगदा झाला, पण आंब्याला अजून वळणंच आहेत, आणि तिथे वळणावर डोळ्यात झोत आला तर डावीकडे सायकलवाला नसतो, दरी असते.

गणपतीला तू, भाऊजी आणि पुण्याची मंडळी गाड्या घेऊन येणारच आहात. डिकीत सामान असेल तसंच असू दे. काळोख पडला की एकेकाने गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर लावायची. खडूची रेघ मी पुसलेली नाही, पावसाने जाऊ नये म्हणून वर पत्रा लावलाय. भाऊजींचे दिवे उंचावर आहेत म्हणून त्यांच्यासाठी वेगळी रेघ मारीन. जुने हॅलोजन बल्ब टाकून दिले नसशील तर सोबत आण, स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहे.