यंत्राचे घर

आमच्या चिरंजिवांनी घरीच सीएनसी यंत्र जुळवले. आईच्या मोडक्या पलंगाच्या सागवानी फळीवर देव्हाऱ्याची महिरप कोरायची होती. पण आई फळी देईना. चाचणीत वीज गेली, आली, यंत्राने मोजमापाचे 'घर' पुन्हा शोधले ते अर्धा मिलिमीटर चुकून! स्वस्त खटक्याची पट्टी सैलावली होती. मी प्रकाशाचा सेन्सर सुचवला.

"बाबा, भुशाने तो आंधळा होईल."

शेवटी लोखंड जवळ येताच, न शिवता ओळखणारा इंडक्टिव्ह सेन्सर बसला. आधी वेगाने जायचे, मागे सरायचे, मग हळूच पुन्हा. घर तसूभर इकडेतिकडे चालेल. दर वेळी तेच हवे. (शुद्धलेखनात आम्ही मास्तर इतके उदार नसतो.)

रविवारी टाकाऊ फळीवर काम चालू असताना आईने स्वतः मेन स्विच बंद केला, पुन्हा लावला. काम संपल्यावर कोरलेल्या रेघेवरून बोट फिरवले आणि नातवाला म्हणाली, "ने फळी."