मापात उरलेला इतिहास

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेला उणीपुरी तीस वर्षे लाभली. जून १९०४ मध्ये ती सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये बंद पडली. तिची इंजिने दोनच, लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलेली. दोन्ही भंगारात गेली, रुळांच्या जागी पायवाट झाली. तरीही हौशी मॉडेलकार ही इंजिने आजवर घडवत आले आहेत. त्यांच्या पितळी प्रतिकृतींत सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासाचाही एक धागा आहे.

त्या दोनांपैकी एका इंजिनाचे नाव होते ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. याच एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वे उभारली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, गाडी बार्शीला पोचली. पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजही जोडले गेले. कॅलथ्रॉप यांचा हिशेब सरळ होता. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट ठेवायचे आणि भार सर्व अ‍ॅक्सलांवर सारखा वाटायचा. एकावरही पाच टनांहून जास्त नको. मग हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात त्यांनी तेच अडीच फुटी माप नेले. इंजिनाच्या कपाळावर तर माळरानातल्या अंधाराला साजेसा भला मोठा दिवा होता. रेल्वेचे तंत्र विलायतेहून इकडे आले, एवढेच आपण शिकतो. इथे मात्र बार्शीत सिद्ध झालेली घडण विलायतेला गेली.

इतिहासकार एखादे वाक्य गाळून अडचण टाळू शकतो. मॉडेलकाराला इंजिनाची एक बाजू कोरी ठेवता येत नाही. फोटोत न दिसणारा नळ कुठून वळत होता, १९२३ मध्ये मालक बदलल्यावर रंग कोणता लागला, याचे उत्तर त्याला द्यावेच लागते. शिवाय तडजोडीही असतात. फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात अडीच फुटी रूळ नेमके दहा मिलिमीटरचे होतात. बाजारात सहज मिळतात ते नऊचे. बहुतेक जण नऊवरच भागवतात. वाफेवर चालणारे मॉडेल केले, तर लांबी एकोणीसपट घटताना बॉयलरमधले पाणी जवळपास सात हजारपट घटते. त्यामुळे आतली रचना मुळाबरहुकूम ठेवणे अशक्यच.

धोका इथेच आहे. अंदाजाने बसवलेला नळ पितळेत उतरला की मोजून बसवलेल्या नळाइतकाच खरा दिसतो. पुढचा मॉडेलकार त्याचीच नक्कल करतो आणि अंदाज परंपरा होऊन बसतो. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीसोबत काय मोजले, काय ताडले आणि कुठे तडजोड केली, याची नोंद हवी. तिच्याविना मॉडेल शोभेची वस्तूच राहते.

बार्शी लाइटचे अरुंद रूळ या शतकाच्या आरंभी उखडले आणि ब्रॉडगेज आले. प्रवाशांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्या गाडीवर काम केलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी, कारखान्यातली रेखाचित्रे, घराघरांतले फोटो एकत्र करून सर्वांसाठी खुले करायला हवेत. रेल्वेने, विद्यापीठांनी आणि पुण्या-सोलापूरच्या हौशी मंडळींनी मिळून करण्याचे हे काम आहे. नाहीतर बार्शीच्या इंजिनाची मापे शोधायला आपल्याला स्टॅफर्डशायरच्या प्रतिकृतींपुढेच उभे राहावे लागेल.