पायाला घाई नसते

मुलांनो, इमारतीचं बांधकाम चालू असलं की आपण माना वर करून क्रेन बघतो. आज जरा खाली बघू या. जमीन मऊ असेल, तर खोल भोकं पाडून त्यांत सळयांचे पिंजरे सोडतात आणि काँक्रीट ओततात. हे जमिनीतले खांब म्हणजे पाइल. दुबईच्या बुर्ज खलिफाखाली असे जवळजवळ दोनशे पाइल आहेत. प्रत्येक दीड मीटर रुंद आणि सुमारे 43 मीटर लांब! म्हणजे चौदा मजली इमारतीइतका एकेक खांब आणि तो कुणालाच दिसत नाही.

काँक्रीट म्हटलं की सिमेंट आलंच. आता एक गणित. 100 किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली, तर 56 किलो चुना उरतो. बाकीचे 44 किलो गेले कुठे? कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत! भट्टीतल्या कोळशाचा धूर वेगळाच. माणसं जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, त्यातला शंभरात सात-आठ वाटा सिमेंटचा आहे.

यावर तोड आहे. वीजकेंद्रातल्या कोळशाची राख किंवा पोलादाच्या कारखान्यातली मळी बारीक दळून सिमेंटमध्ये मिसळायची. तेवढी चुनखडी भाजायची वाचते. बुर्ज खलिफाच्या पाइलमध्येही राख घातली होती.

पण असं काँक्रीट सावकाश घट्ट होतं. काँक्रीटचे ठोकळे साधारण 28 दिवसांनी दाबून, फोडून तपासतात. राख-मळीचं काँक्रीट त्यानंतरही ताकद कमावत राहतं. स्लॅबखालचे टेकू लवकर काढायचे असतात, तिथे थांबणं अवघड. पायाचं तसं नाही. त्याच्यावर एकेक मजला चढणार, पुरा भार यायला कित्येक महिने जाणार! मग पायाची परीक्षा 56 दिवसांनी घेतली तर काय बिघडलं? उलट मळीमुळे काँक्रीट कमी तापतं आणि मातीतले खारही त्याला कमी छळतात. तरी 'लवकर उरका' म्हणून जास्त सिमेंट ओतणं मला तरी पटत नाही.

अर्थात मळी काही हवी तेवढी मिळत नाही. म्हणून आधी माती नीट तपासायची आणि लागतील तेवढेच पाइल घालायचे. न तपासता दुप्पट औषध देणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का?

या आठवड्यात आईबाबांबरोबर जाऊन सिमेंटची पिशवी वाचा, पण काम चालू असेल तिथे आत शिरू नका हं! 'पीपीसी' लिहिलं असेल तर त्यात राख बहुधा 15 ते 35 टक्के. 'पीएससी' असेल तर मळी.