अहवालातील प्रथिने म्हणजे कुंडली नव्हे

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या ७४ वर्षांच्या सासूबाईंना नुकतेच स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. अहवालात ‘हर-२ पॉझिटिव्ह’ असे शब्द पाहून घरातील एक वडीलधारे म्हणाले, “हा प्रकार वाईट. या वयात उपचारांचा छळ कशाला?” घर संभ्रमात आहे. असा प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो; म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

बायोप्सीत काढलेल्या तुकड्याचे अतिशय पातळ काप करून त्यांतील ठरावीक प्रथिने रंगवून तपासतात. या चाचणीस आयएचसी म्हणतात. अहवालात सहसा चार नोंदी असतात.

पहिल्या दोन ईआर व पीआर. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना पकडणारी ही प्रथिने होत. १ टक्का किंवा त्याहून अधिक पेशींत ती आढळली, तर नोंद ‘पॉझिटिव्ह’ होते. अशा वेळी टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल यांसारख्या गोळ्यांचा विचार होतो. उतारवयातील बहुसंख्य गाठी याच गटातील असतात.

तिसरी नोंद हर-२. हे प्रथिन पेशीला वाढीचा संदेश देते. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे मात्र अनिर्णित. तेथे न थांबता ‘फिश’ ही पुढील चाचणी करावी लागते.

चौथी नोंद केआय-६७. किती टक्के पेशी विभाजनाच्या मार्गावर आहेत, हे ती सांगते. हा आकडा प्रयोगशाळेगणिक थोडा बदलू शकतो. एकट्या त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये.

आता त्या वडीलधाऱ्यांच्या भीतीविषयी. ती निराधार नाही, पण जुनी आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ज्या गाठींत हर-२चे जनुक प्रमाणाबाहेर वाढलेले असते, तो आजार लवकर उलटतो. पुढे याच प्रथिनाला जाऊन चिकटणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध तयार झाले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जे लक्षण केवळ अशुभ मानले जाई, तेच उपचाराची दिशा दाखवू लागले. म्हणजे ही नोंद भविष्य सांगून थांबत नाही. कोणते औषध लागू पडेल, हेही सांगते.

मग वयाचे काय? केवळ ७४ हा आकडा पाहून उपचार नाकारणे योग्य नाही, तसेच सरसकट सारे उपचार लादणेही योग्य नाही. हृदय, मूत्रपिंडे, मधुमेह, रोजची हालचाल या सर्वांचा विचार व्हावा. ट्रास्टुझुमॅबचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून ते सुरू करण्यापूर्वी व उपचार चालू असताना इको तपासणी करतात. लेट्रोझोलमुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात. हाडांची घनता तपासून घ्यावी. संप्रेरकविरोधी गोळ्या सहसा किमान ५ वर्षे घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

सेवा करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गाठ काढल्यावर ती तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये ठेवावी लागते, अन्यथा प्रथिनांची तपासणी फसवी ठरू शकते. बरणी नातेवाइकांच्या हाती दिली, तर ती ‘उद्या नेऊ’ म्हणून घरी ठेवू नये. दुसरे असे, की प्रयोगशाळेतील मेणाचा ठोकळा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि मूळ अहवाल जपावा. दुसरे मत घेताना किंवा फेरतपासणी करताना दोन्ही लागतात.

भगिनी, अखेरची विनंती. सासूबाईंना वगळून निर्णय घेऊ नका. अहवालाचा अर्थ त्यांना सोप्या शब्दांत सांगा, डॉक्टरांकडे जाताना त्यांना प्रश्न विचारू द्या. गाठ त्यांच्या शरीरात आहे. उपचार घ्यायचे की नाहीत, हे ठरवण्याचा पहिला अधिकारही त्यांचाच आहे.